पायऱ्यांवर ओतलेले पाणी

पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्याने स्वतःचा गोंधळ इतरांपुढे मांडावा का, याची मला खात्री नाही. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

नव्वदच्या दशकात देवरुख सोडून मी कुवेतला आलो. बारा वर्षांनी त्याच विमानतळावर पत्नी सुनंदा आणि मुलगी मुक्ता यांना निरोप दिला. कॅनडाचे कागद तिघांचेही झाले होते; नोकरी मात्र माझ्याने सोडवेना.

"तुम्ही कधी येणार?" सुनंदाने विचारले.

"रिफायनरीचं हे देखभालीचं शटडाऊन आटोपलं की राजीनामा देतो," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात रजा काढून कॅनडात विनिपेगला त्यांच्याकडे गेलो. टोरांटोच्या मेहुण्यांनी फोनवर बजावले होते, "भावजी, बर्फावर मीठ टाका." परंतु विनिपेगच्या थंडीत मिठाचेही काही चालत नाही, तिथे रस्त्यांवर वाळू पसरतात. कुवेतमधल्या आमच्या अहमदी गावात बारा वर्षे जी मी दारातून झाडून काढली, ती इथे ट्रकमधून मागवली जात होती. हसावे की काय करावे, कळेना.

रस्ता नगरपालिका साफ करते, पायऱ्या ज्याच्या त्याने. दुसऱ्या सकाळी मी लवकर उठून बर्फ उपसला. धुळीच्या वादळानंतर अहमदीत करीत असे तसेच, शेवटी दोन बादल्या गरम पाणी ओतले. "पाणी मारल्याशिवाय पायरी स्वच्छ होत नाही," असे आई म्हणे. पायऱ्या चकचकीत दिसल्या. समाधानाने आत जाऊन मी चहा टाकला. तेवढ्यात कामावर निघालेली सुनंदा घसरली आणि तिचे मनगट मोडले.

"बाबा, हू पोर्स वॉटर इन विंटर?" मुक्ता ओरडली.

प्लास्टर घातलेला हात सावरीत सुनंदा मात्र हसली. "अहो, पाहुण्यासारखे नुसते बसून राहिला असतात तरी चाललं असतं!"

ती थट्टाच होती. तरीही ते शटडाऊन कधीच आटोपले आणि माझा राजीनामा टाइप होऊनही खणातच आहे. जिथे काय करावे हे कुणाला विचारावे लागत नाही, ते घर, असे मी समजत होतो. तसे घर मला आता कुवेतमध्येच उरले आहे. पण नोकरी संपली की इथला निवासाचा परवानाही संपेल. देवरुखला मी पाहुणा, आणि जिथे माझी माणसे आहेत तिथे तर मी धोकादायक पाहुणा.

तुमच्यापैकी कोणी पन्नाशीनंतर बर्फात राहायला शिकले आहे का?