सातवा खड्डा

बसाप्पाअण्णांच्या घरी कोणीही गेलं, की दारातच त्याच्या चपलांवर तांब्याभर पाणी पडायचं. पायांवर नव्हे, चपलांवर. नवा माणूस बिचकून मागे सरकायचा. अण्णा शांतपणे म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. ओलं ते भलं." मग तो माणूस ओल्या चपला उंबऱ्याबाहेर काढून आत जायचा आणि चहा संपेपर्यंत आपलं काय चुकलं याचा विचार करत बसायचा. अण्णा खुलासा करत नसत. आधी ओलं करायचं आणि मग बोलायचं, असा त्यांचा क्रम होता.

मला ते पहिल्यांदा भेटले एका बंद कारखान्याच्या फाटकाशी. कोल्हापूरहून पेठ वडगावकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की माळावर तो कारखाना होता. तिथे सिमेंटचे पत्रे आणि पाईप तयार व्हायचे. सिमेंटला ताकद यावी म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस मिसळत. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा तंतू. तो इतका बारीक सुटतो की डोळ्यांना दिसत नाही. श्वासाबरोबर छातीत जातो आणि तिथेच मुक्काम करतो. कित्येक वर्षांनी, माणूस नोकरी विसरल्यावर, त्रास द्यायला लागतो. कामगार त्याला 'दगडी कापूस' म्हणायचे. कारखाना बंद पडला, मालक निघून गेले आणि मागच्या माळावर फुटके पत्रे, पाईपचे तुकडे आणि वाळलेला राखाडी गाळ राहिला. ते सगळं साफ करण्याचं कंत्राट आमच्या कंपनीला मिळालं होतं. मी तिथे सुरक्षा अधिकारी होते. म्हणजे काम थांबवायचा अधिकार माझा, आणि ते का थांबलं याचा खुलासा लिहायचं कामही माझंच.

कागदोपत्री तिथे कचऱ्याचा एकच खड्डा होता. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी फाटकाशी एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. पांढरा लेंगा, कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात जेवणाचा डबा.

"कोणाला भेटायचंय?" मी विचारलं.

"खड्डा एक न्हाय," ते म्हणाले. "सात हायत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच भरलेत की."

ते नेसरीकडचे. तरुणपणी कारखान्यात ट्रॅक्टर चालवायला आले आणि मागच्या गावात घर करून राहिले. कारखान्यातला टाकाऊ माल ट्रॉलीत भरायचा आणि मागे नेऊन पुरायचा, एवढंच काम त्यांनी नोकरीभर केलं. घरात कन्नड, दारात मराठी. मला ते 'तंगी' म्हणायचे. मी मलकापूरची, मला तंगी म्हणजे टंचाई एवढंच ठाऊक. पहिले आठ दिवस मला वाटत होतं की त्यांना आमच्या साहित्यात कसलीतरी कमतरता दिसते आहे. "तंगी, इकडं ये," म्हणाले की मी हातमोज्यांचा साठा मोजायला जायचे. शेवटी त्यांच्या सुनेनं सांगितलं, की कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण.

त्यांना आम्ही मुकादम म्हणून घेतलं. ते माळावर चालायचे, एखाद्या बाभळीपाशी थांबायचे, चपलेच्या टाचेनं जमीन ठोकायचे आणि म्हणायचे, "हितं. दोन पुरुष खोल." खणलं की राखाडी थर लागायचाच. एकदा आमच्या सर्वेक्षणवाल्या पोरांनी यंत्र लावून वेगळी जागा दाखवली. अण्णा बाभळीखाली गेले. डबा उघडून जेवायला बसले. जेवण होईपर्यंत पोरांनी तिथे छातीएवढं खणलं. लागला तो नुसता मुरूम. अण्णा हात धुऊन म्हणाले, "यंत्राला मी भरताना बोलवाय पायजे व्हतं. माझंच चुकलं."

हे काम करायचं म्हणजे आधी पाणी मारायचं, मग हात लावायचा. सगळा माल ओला ठेवायचा, जाड पिशव्यांत दुहेरी बांधायचा आणि धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा. अंगात पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, बाहेर पडताना आंघोळ. हे सगळं मी कामगारांना चित्रं दाखवून शिकवलं होतं. त्यांनी माना डोलावल्या आणि दुपारी तंबाखू खायला मास्क काढले. अण्णांनी दोघांना जवळ बोलावलं.

"तंबाखू हळू मारती. ही धूळ बी हळूच मारती. दोघी सवती हायत. एका घरात नांदवू नगासा."

माझ्या चित्रांपेक्षा हे चाललं. पुढे कोणी मास्कला हात लावला की बाकीचे म्हणायचे, "सवत आली, सवत आली."

मात्र एकदा मी अण्णांना चिडलेलं पाहिलं. दगडू नावाचा कामगार वापरलेला पोशाख घडी करून घरी नेत होता. चांगलं कापड आहे, बायको धुऊन देईल, शेतात फवारणीला होईल, असा त्याचा सरळ हिशेब. अण्णांनी त्याच्या हातातून ती घडी ओढून घेतली, पिशवीत कोंबली आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं. मग तिथेच बादली पालथी घालून बसले आणि दगडूला त्यांनी गंगव्वाची गोष्ट सांगितली. गंगव्वा म्हणजे त्यांची बायको.

"रोज सांजच्याला मी घरला यायचो ते पिठाच्या गिरणीतनं आल्यागत. ती माझी कापडं दारात झटकायची आन मग धुवायची. वर्सानुवर्सं. मला म्हणायची, तुमच्या कारखान्यात दिवाळीचा चुना हाय काय? तिला खोकला लागला. डॉक्टरनं टीबी सांगितला. वर्सभर गोळ्या खाल्ल्या तिनं, एक दिवस चुकवला न्हाय. औषध भारी व्हतं. रोग दुसरा व्हता."

अण्णा उठले, बादली सरळ केली आणि पाणी आणायला गेले.

सहा महिन्यांत सहा खड्डे मोकळे झाले. सातव्याचं विचारलं की अण्णा विषय बदलायचे. "हाय, हाय. कुठं पळून जातोय." पावसाचं, उसाचं, माझ्या लग्नाचं बोलायचे. आणखी एका गोष्टीला ते टाळाटाळ करत होते, ती म्हणजे छातीची तपासणी. नियमाप्रमाणे प्रत्येकाचा एक्सरे आणि श्वासाची चाचणी व्हायला हवी होती. अण्णांचं आज उपवास, उद्या पाहुणे, परवा म्हैस आजारी. शेवटी मी गाडी त्यांच्या दारात उभी केली, चपला मुकाट्यानं ओल्या करून घेतल्या आणि त्यांना घेऊन गेले.

अहवाल माझ्याकडे आला. मी तो दोनदा वाचला. मग ऑफिसच्या कंटेनरमध्ये त्यांना समोर बसवलं.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"फुप्फुसं कडक झालीत, अण्णा."

"पत्र्यागत?"

"...हो."

त्यांनी थोडा विचार केला. "मग टिकतील की. कंपनीची गॅरंटी व्हती."

मला हसू आलं नाही. त्यांना आवारात पाऊल ठेवू देऊ नये, असा आदेश मीच लिहायचा होता. लिहिला. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "अक्षर झ्याक हाय." मग डबा उचलला, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तंगी, चल. सातवा दावतो."

"तुम्हाला आत जाता येणार नाही."

"आत न्हायच तो."

ते मला गावातल्या शाळेवर घेऊन गेले. शाळा सुटायची वेळ होती. मैदानावर मुली खो-खो खेळत होत्या, वर राखाडी धूळ उडत होती. अण्णा भिंतीला धरून उभे राहिले. मग सांगायला लागले, तेही खाली बघत. पूर्वी ते मैदान खाचखळग्यांचं होतं. हेडमास्तर कारखान्यात आले, भर टाकायला काही मिळेल का म्हणाले. गाळ फुकट होता आणि वाळला की दगडासारखा बसायचा. अण्णांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चानं डिझेल घालून ट्रॉल्या ओतल्या. पंधरा ऑगस्टला शाळेनं त्यांना फेटा बांधला, नारळ दिला.

"आयुष्यात एकच फेटा बांधला मला कुणी," ते म्हणाले. "लग्नात सुदिक टोपी व्हती."

आमच्या वरिष्ठांचं म्हणणं असं पडलं, की कंत्राट कुंपणाच्या आतलं आहे. कुंपणाबाहेरची माती आपण तपासायची नाही. अण्णा शेजारीच उभे होते. "सायब, कुंपण कुठनं हाय ते धुरळ्याला कुणी सांगितलंय का?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या चार कोपऱ्यांतली माती ओली करून डब्यांत भरली आणि माझ्या नावानं प्रयोगशाळेत पाठवली. चारही डब्यांत तंतू निघाले. अहवाल जिल्ह्याला पाठवला तोही माझ्याच सहीनं. लगेच माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मला खुलासे लिहायची सवय होती.

जिल्ह्याचं उत्तर येण्याआधी गावाला कळायला हवं होतं. मी म्हटलं, ग्रामसभेत मी सांगते. अण्णा म्हणाले, "ट्रॉली तू चालवलीस काय?"

सभेत ते उठले, खांबाला हात टेकून उभे राहिले आणि एका दमात नाही, चार दमांत सगळं सांगितलं. माल कुठला, कोणी आणला, कुठे टाकला, त्यानं काय होतं. फेट्याचंही सांगितलं. मग एक बाई उठली.

"माझी पोरगी रोज खेळती तिथं."

"व्हय. बघितलंय मी तिला."

"आन तुम्ही गप बसलासा?"

"मला ठावं नव्हतं, तवा गप बसलो. ठावं झालं, तवा भ्यालो म्हणून गप बसलो. पहिल्याची माफी मागत न्हाय. दुसऱ्याची मागतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "अजून गप बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"तेच की," अण्णा म्हणाले. "कुणालाच कळलं नसतं."

ती बाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. अण्णा उभेच होते. त्यांना बस म्हणायला कोणी उठलं नाही. मीही उठले नाही, ते अजून मनात आहे.

दुसऱ्या दिवसापासून गावच्या डेअरीत त्यांच्या म्हशीच्या दुधाला फॅट लागेना. म्हैस तीच, वैरण तीच. पारावर ते जाऊन बसले की बाकीच्यांना कामं आठवायची. अण्णा तक्रार करत नव्हते. "म्हशीला वाईट वाटतंय," एवढं एकदा म्हणाले.

अखेर जिल्ह्यावरून मंजुरी आली. मैदान बंद झालं, वरचा सगळा थर ओला करून उचलला गेला आणि तांबडा मुरूम पडला. अण्णांना आत मनाई होती, म्हणून शाळेच्या भिंतीपलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला, मी त्यांना खुर्ची टाकून दिली होती. तिथून ते काठीनं दाखवायचे. "त्या कडुलिंबाखाली आणखी एक ट्रॉली हाय. तिथं ओतलं नव्हतं, सांडलं व्हतं. तरी काढा." काम संपत आलं तेव्हा एके दिवशी त्या सभेतल्या बाईनं त्यांना चहा आणून दिला. कप खुर्चीच्या हातावर ठेवला आणि एक शब्द न बोलता गेली. अण्णांनी तो चहा फार वेळ पुरवून प्यायला. त्या आठवड्यात म्हशीचं फॅटही सुधारलं.

कारखान्याच्या माळावर खड्ड्यांच्या तळाशी मुरलेलं जे काढता येण्यासारखं नव्हतं, ते तिथेच ठेवून वर मातीचे जाड थर दिले आणि गवत लावलं. समारोपाला फलक लागला. त्यावर लिहिलं होतं की सदर क्षेत्रात सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही प्रकारचे उत्खनन करण्यास प्रतिबंध आहे. अण्णांना आम्ही गाडीतून नेलं होतं. तोवर त्यांना चार पावलंही जड जात होती. त्यांनी मला तो फलक दोनदा वाचायला लावला.

"ह्यो कुणासाठी लिवलाय?"

"लोकांसाठी."

"कुठल्या?"

मग त्यांनी मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला. साहेब म्हणाले, कोणी पुरलं ते लिहायची काही गरज नाही. अण्णा म्हणाले, "मग काय आभाळातनं पडलंय?" साहेब गाडीकडे गेले. गावातल्या रंगाऱ्यानं पत्र्याच्या तुकड्यावर, लोखंडी पत्र्याच्या, तो मजकूर रंगवला आणि आम्ही तो मोठ्या फलकाशेजारी उभा केला. तपासणीच्या अहवालात त्याची नोंद 'अतिरिक्त सूचना' अशी आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा अण्णा गेले. शेवटच्या भेटीत त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ते लिंगायत, त्यांच्यात पुरतात. मला जवळ बोलावून म्हणाले, "माझ्या छातीतला माल बी आता जमिनीतच जाणार. तुझ्या यादीत आठवा खड्डा लिव." मी म्हटलं, लिहिते. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी पिशवी नगं." मातीला सगळं गाव आलं होतं. कारखान्याच्या फाटकापासून माणसांची रांग होती.

गेल्या महिन्यात मी त्या बाजूला गेले होते, म्हणून वाट वाकडी करून माळावर गेले. तिथे केबल टाकणाऱ्या लोकांचा जेसीबी उभा होता. मोठ्या फलकापाशी त्यांनी जेवणाचे डबे टेकवून ठेवले होते. छोट्या फलकापुढे ड्रायव्हर उभा होता आणि बोट फिरवत वाचत होता.

'पावणं, हितं खणू नका. खाली आम्ही घाण पुरलीया. ती छातीत जाती आन माणूस मारती. माझी बायको गेली, मी बी चाललो. चर दुसरीकडनं काढा. बसाप्पा, ट्रॅक्टर ड्रायव्हर.'

त्यानं जेसीबी मागे घेतला आणि चराची आखणी रस्त्याच्या पलीकडून करायला लावली. मग मला तिथली समजून विचारलं, "बाई, हे बसाप्पा कोण व्हते? ड्रायव्हर लिवलंय, पर बोलणं इंजिनियरचं वाटतंय."

"इंजिनियरच व्हते," मी म्हणाले.