कुठं हो निघालात?

आधीच सांगते, मी हायस्कूलला विज्ञान शिकवलेली बाई आहे. शनिशिंगणापूर आमच्या नगरपासून एवढं जवळ (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही), तरी तेल वाहायला मी कधी गेले नाही. मांजर आडवं गेलं की मी मांजरालाच 'जा बाई, तुझं काम होऊ दे' म्हणते. तेव्हा हे वाचून 'बाईंचं डोकं फिरलं' असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे... मलाही काही दिवस तेच वाटत होतं.

माझी थोरली बहीण, अक्का. तिचं घर केडगावला, पुणे रोडच्या आतल्या बाजूला. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, साखर कारखान्यात हेडक्लार्क होते. शकुन-अपशकुनाचं त्यांचं वेड सगळ्या गल्लीला माहीत. आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत, काम होत नाही म्हणतात. बहुतेक लोक हे हसण्यावारी नेतात. दाजींनी नेलं नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते बढतीच्या मुलाखतीला निघाले, आणि अक्काने साधेपणानं विचारलं, "कुठं हो निघालात?" बढती हुकली. दुसऱ्याचा वशिला होता हे कारखान्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं, पण दाजींनी खापर फोडलं ते अक्कावर. पाहुण्यांसमोर, सासूसमोर, पुढे मुलीसमोरसुद्धा. चुकून ती बोललीच तर चपला काढून परत आत बसायचे, पाणी प्यायचे आणि चार शब्द सुनावून मगच निघायचे. शेवटी अक्काने विचारणंच सोडलं. ते कुठे जातात, कुणाबरोबर, कधी येणार... जन्मभर तिला काही माहीत नसायचं.

आता दालातचं सांगते. व्हिएतनाममध्ये डोंगरावर वसलेलं शहर आहे हे. मेथी निवडता निवडता अक्काने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ पाहिला आणि तिला खूळच लागलं. भर मे महिन्यात स्वेटर घालावा लागतो म्हणे! आम्ही इकडे नगरच्या उन्हात होरपळत असायचो आणि ही फोनवर मला धुकं सांगायची. पहिल्या दिवशी तळ्याकाठी नुसतं हिंडायचं. दुसऱ्या दिवशी जुन्या स्टेशनावरून छोट्या गाडीनं काचांच्या तुकड्यांनी मढवलेल्या पॅगोडाला. मग धबधबा, मग रात्रीच्या बाजारात भाजलेली रताळी. सगळं तिच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. दाजींचं उत्तर ठरलेलं — पुढच्या वर्षी बघू.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या छातीत दुखायला लागलं. मीच तिला दवाखान्यात नेलं. दाजींचा फोन लागेना. मी तिला विचारलं, दाजी गेलेत तरी कुठे?

ती म्हणाली, "विचारलं नाही गं."

तिचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य हे. दाजी कोकणात मित्रांबरोबर होते, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून माझ्या मनात या माणसाबद्दल जे आहे ते मी गोड शब्दांत सांगणार नाही. त्याचं वाटोळं व्हावं असं मला वाटत होतं.

वर्षश्राद्धाच्या आतच दाजींनी दुसरं लग्न केलं. रेखा नाव तिचं. मराठवाड्याकडची, गरीब गाय. तिच्यावर माझा राग नाही. पण मे महिन्यात दाजींचा मला फोन आला, हनिमूनला म्हणून दालातला जायचंय, अक्का तुलाच सगळं सांगायची ना, तर जरा बसून प्लॅन करून दे. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला?

मी गेले. मुद्दाम गेले. तिथला पावसाळा नेमका कधी असतो ते मला पाठ होतं, म्हणून जुलैच सुचवला. भिजा म्हटलं मनात. दुपारची वेळ, हॉलमध्ये आम्ही तिघंच. रेखा समोर चहा ओतत होती. दाजींनी तिकिटं बुक करायला मोबाईलवर बोट टेकवलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "कुठं हो निघालात?"

'हो' जरासा लांबवलेला. अगदी अक्काचाच.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठून आत गेले. गॅस बंद, नळ बंद, मागच्या दाराला कडी. शेजाऱ्यांचा टीव्ही असेल म्हणून तिथंही पाहून आले, तर ते गावाला गेलेले. रेखाला काहीच ऐकू आलं नव्हतं. दाजी पाणी प्यायले, निघालोय कुठे, नुसतं बुकिंग तर आहे, असं पुटपुटले आणि तिकिटं काढली.

निघायच्या दिवशी सकाळी हातावर दही घालायला घरात बाईमाणूस हवं म्हणून मलाच बोलावलं. गल्लीत सगळ्यांना आधीच बजावलं होतं, कुणी काही विचारायचं नाही. रेखा गाडीत जाऊन बसली होती. मी दही घातलं. दाजींनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

"कुठं हो निघालात?"

ते गर्रकन वळले. माझं तोंड मिटलेलं, हातात चमचा. ते आत आले, चपला काढल्या, पाणी प्याले, परत निघाले. परत तेच. परत बसले. असं किती वेळा झालं देव जाणे. शेवटी गाडीचा ड्रायव्हर वैतागून दारात आला. पारनेरकडचा कुणीतरी, आम्हाला कुणाला ओळखतही नव्हता.

"काका, काकू कवाच्या इचारत्यात. सांगा की त्यांना एकदाचं, आन् चला. लई उशीर झालाय."

दाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ही तर गप्प उभी आहे.

"ह्या न्हाई," तो म्हणाला. "आतल्या."

आत कुणीही नव्हतं.

विमान चुकलं. दाजी तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. चपलेत पाय घातला की आवाज येतो म्हणतात. कटिंगवाला घरी येतो, भाजी रेखा आणते. रेखा बिनघोर कुठेही जाते-येते, तिला कुणी काही विचारत नाही. मध्यंतरी दाजी माझ्यासमोर रडले, म्हणाले, मंदा, तुझी बहीण आहे, तू तरी समजाव तिला.

मी म्हणाले, "दाजी, ती फक्त विचारतेय. उत्तर द्या ना."

ते उठले, आत जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आवाज कुठून येतो, रेखाला का ऐकू येत नाही, त्या ड्रायव्हरला का आला... मला सांगता येत नाही. विज्ञानाचं पुस्तक उघडून बसण्यातही अर्थ नाही. डिसेंबरात मी दालातला चाललेय, अक्काने सांगितलं होतं त्याच क्रमानं सगळं बघणार आहे. जाताना आधी केडगावला जाईन. दाजींच्या देखत बॅग घेऊन त्या उंबऱ्यात जरा वेळ उभी राहीन. अक्काने विचारलंच, तर मी सांगणार आहे.