डावा कान

बसादीच्या हातचं बैलाचं डोकं कच्चं राहिलं, असं सेरोवे गावात कधी घडलं नव्हतं. एकदाच घडलं, तेही एका कानापुरतं, आणि ते तिने ठरवून केलं.

तिचा नवरा दिंत्वे वारला तेव्हा त्याची गुरं नणदेच्या नवऱ्याच्या, ओतेंगच्या, गुरांबरोबर एकाच रानात चरत होती. पुढचा पावसाळा यायच्या आत ओतेंग तोंड पाडून दारात उभा. "वहिनी, तुमची गुरं पांगली हो. शोधून शोधून पाय झिजले माझे." गावाला कणव आली ती ओतेंगच्या पायांची. बसादीबद्दल बोलले ते एवढंच, की बाईला नवऱ्याची चार जनावरं सांभाळता आली नाहीत. चुलीपाशी बोलले, पाण्यावर बोलले, ती असतानाही बोलले. बसादीने उलट उत्तर केलं नाही. विसरली मात्र काही नाही. मुलगा सेटिलो मोठा होऊन हिऱ्यांच्या खाणीवर कामाला लागला, तरी हे तिच्या घशात अडकलेलंच होतं.

गावात कुणाकडे जनावर कापलं की डोकं शिजवायला तिच्याकडेच यायचं. तिचं तंत्र साधं होतं आणि ते ती कुणालाही सांगे. ऐकायचा धीर कुणाला नसे, ती गोष्ट वेगळी. रानातल्या गवतावर वाढलेलं जनावर पेंडीवर फुगवलेल्या जनावरासारखं घटकेत शिजत नाही. त्याची चरबी पिवळी, मांस गडद, आणि चालून चालून घट्ट झालेलं. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात पाणी आणि मीठ, बस. मसाला घालणाऱ्याला ती सरळ विचारी, "मांस खराब आहे का, झाकायला?" जाळ मंद. झाकण सारखं उघडायचं नाही. घाई केली की दोरखंड चावल्यासारखं लागतं.

मग ओतेंगच्या मुलीचं, वामेचं, लग्न निघालं. ओतेंगने बैल कापला. कापलेल्या बैलाचं डोकं मुलीच्या मामाच्या घरी जायचं, तिथे शिजून लग्नघरी परत यायचं, आणि मामाने आशीर्वाद दिल्याशिवाय मुलगी अंगणाबाहेर पडायची नाही. मामा, म्हणजे दिंत्वे, उरला नव्हता. पण मामाचा मान सेटिलोकडे आला होता आणि चूल बसादीकडे. ओतेंगला हे टाळता येणार नव्हतं.

सकाळी नणंद डोक्यावर घमेलं घेऊन आली. वर फडकं. घमेलं टेकवलं आणि तिथेच जमिनीकडे बघत उभी राहिली.

बसादीने फडकं काढलं. तांबडं कपाळ, मध्ये पांढरा पट्टा. उजवा कान जागेवर होता. डावा मुळापासून साफ उडवलेला.

"ताई, डावा कान कुठाय?"

"कुत्र्याने नेला म्हणतात."

"कुत्रा सुरी चालवायला लागला का आता?"

बसादीने उजवा कान बोटांनी उलटून पाहिला. ओतेंगच्या जनावरांच्या उजव्या कानाला टोकाला काप असतो. हा कान जन्मला तसा अख्खा. आणि दिंत्वेची खूण असायची डाव्या कानाला, दोन खाचा आणि मध्ये चीर. ओतेंगने दिंत्वेची खूण उडवली खरी, पण बैल आपला नाही हे दाखवणारा उजवा कान तसाच मामाच्या घरी धाडून दिला! हावरा माणूस, लेकीच्या लग्नालाही स्वतःचा बैल कापवेना.

"तुम्हाला ठाऊक होतं," बसादी म्हणाली.

"मला विचारू नकोस गं, वहिनी. लेक लग्नाला उभी आहे माझी."

बसादीने डोकं भाजलं, खरवडलं, धुतलं, हंड्यात घातलं आणि झाकण ठेवलं.

दुपारी उकळता हंडा ओतेंगच्या अंगणात आला आणि तिथल्या जाळावर चढला. नवऱ्याकडची मंडळी मुलीच्या मोबदल्यात द्यायच्या गाई घेऊन फाटकाशी खोळंबली होती. वस्तीचा प्रमुख, म्हातारा मोखालो, खुर्चीवर बसला होता. सेटिलो आशीर्वाद द्यायला उठला.

"थांब," बसादी म्हणाली. "डोकं अपुरं आहे. अपुऱ्यावर आशीर्वाद नाही."

ओतेंग लगबगीने तिच्याजवळ आला आणि कानाशी लागला. "वहिनी, दोन गाई देतो. आज गप्प बसा."

बसादी सगळ्यांकडे वळली. "ओतेंग भाऊजी म्हणतात, दोन गाई देतो, गप्प बस. कशाबद्दल गप्प, तेवढं त्यांना कुणीतरी विचारा."

मोखालोने हंड्यात डोकावून पाहिलं, उजवा कान पाहिला आणि ओतेंगकडे मान वळवली. "डावा आण."

"कुत्र्याने..."

"माझ्या भावाच्या बैलाचा कान कुत्र्याने नाही नेला," नणंद म्हणाली. ती मागच्या राखेच्या ढिगाकडे गेली आणि परत येऊन हाताची मूठ मोखालोपुढे उघडली. राखेने माखलेला कान. दोन खाचा, मध्ये चीर.

निवाड्याला वेळ लागला नाही. दिंत्वेची गुरं, झालेल्या वासरांसकट, सेटिलोला परत. मोखालो म्हणाला, "झालं ना, बसादी?"

"नाही झालं. गुरं आमचीच होती, ती मिळाली. मला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचं काय?"

वामे दाराशी रडकुंडीला आली होती. "मामी..."

"तुला अडवत नाही गं, पोरी. तुझ्या बापाला जेवू घालते फक्त."

तिने कान जाळावर धरून केस जाळले, खरवडला, धुतला, हंड्यात सोडला. थोड्याच वेळात काढून ताटलीत ठेवला आणि ओतेंगपुढे केला. खाचा आणि चीर सगळ्यांना दिसत होत्या.

"खा. एवढा संपला की सेटिलो आशीर्वाद देईल."

ओतेंगने मोखालोकडे पाहिलं. मोखालो आभाळात ढग आहेत का ते बघत होता. फाटकाशी कुणीतरी खाकरलं. ओतेंगने घास घेतला. दात लावला, ओढला, फिरवला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्यांना कुणी दटावलं नाही.

"बसादी," मोखालो हळूच म्हणाला, "अजून तासभर ठेवायला हवा होता गं."

"ठाऊक आहे मला," बसादी म्हणाली, आणि गालाचं लोण्यासारखं मांस वामेच्या ताटात वाढायला लागली. ओतेंग चावत होता.