मधली फळी

लेकीने टोरांटोला बोलावलं आणि विमानाची तिकिटं पाठवली, तीही बिझनेस क्लासची. जागा तेवढ्या आम्ही निवडायच्या. विमानाचा नकाशा लॅपटॉपवर उघडून मी आणि हे सकाळपासून बसलोय. चहा गार झालाय.

"आई, तू खिडकीची घे, बाबांना तुझ्या मागची," तिने फोनवर बजावलं होतं. "शेजारी कोणी नाही, मस्त आडवं होता येतं. सगळ्यात चांगल्या जागा त्याच."

मला खिडकी लागते, हे खरंच. एसटीत मी आधी चढून खिडकी धरायची, मग हे पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसायचे. वळणावर यांचा खांदा माझ्यावर यायचा. मी कुरकुर करायची आणि तशीच त्या खांद्यावर डुलकी घ्यायची. मग इतकी वर्षं मला नक्की काय हवं होतं? खिडकी, की खिडकी आणि खांदा यांच्यामधली जागा? नकाशात ती कुठेच दिसत नाही. तिकीट जितकं महाग, तितकं माणूस लांब, असं काहीतरी असावं. असेलही त्यात सुख. पाय पसरून झोपायला कोणाला नको?

मधोमध दोन जोडीच्या जागा रिकाम्या आहेत. तिथे खिडकी नाही, आणि दोघांच्या मध्ये आडोशाची वर-खाली होणारी फळी आहे.

"तिथून तुला बाहेरचं दिसणार नाही," हे म्हणाले. यांचं बोट खिडकीवरून मधल्या जागांवर आलं आणि तिथेच थांबलं.

"ती फळी खालीच ठेवता येते का," हे म्हणाले, "तेवढं विचार तिला."