एका पाण्यातलं काळं

व्हेनेराच्या अंगणातून धूर निघाला की आमचं गाव विचारायचं, "कोण गेलं?" चर्चची घंटा त्यानंतर वाजायची. व्हेनेरा रंगारीण होती आणि तिच्या कढईत एकच रंग उकळायचा, काळा. गावात माणूस मेलं की त्या घरातल्या बायका होते नव्हते तेवढे कपडे गाठोड्यात बांधून त्याच दिवशी तिच्याकडे आणत. अक्रोडाच्या साली, सुमाकच्या झुडपाची पानं, हिराकस, वर थोडं व्हिनेगर. "नवऱ्याचा चेहरा विसरशील बाई, पण व्हेनेराचं काळं विटायचं नाही," असं आमच्या बायका हसून म्हणत. हसण्यासारखं आमच्याकडे दुसरं होतं तरी काय?

मी तिच्या समोरच राहते. आमची पावाची भट्टी. तिचं आणि माझं लाकूड एकाच गाडीतून यायचं, म्हणून तिची गोष्ट मी पाद्र्यापेक्षा बरी सांगेन.

रंगवण्याचे काही नियम होते. दोन घरांचे कपडे एका पाण्यात घालायचे नाहीत. घातले तर दोन्ही घरांचं मरण एक होतं, असं आम्ही मानतो. कपडे घेऊन आलेल्या बाईनं उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि रंगारणीच्या घरातल्या मेलेल्यांना नावानिशी हाका मारायच्या. "व्हेनेराच्या बापा मिकेले, व्हेनेराच्या नवऱ्या तुरी, आमचा माणूस येतोय, त्याला आत घ्या." त्यावर व्हेनेरानं म्हणायचं, "दार उघडं आहे." मग गाठोडं आत जायचं. आमच्या लहान पोरींनासुद्धा ही नावं पाठ होती.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, प्रेत नाही तर काळं नाही. हा नियम पाद्र्यानं केलेला नाही आणि आमच्या आज्यांनीही नाही. तो कुणी केला ते सांगायचं तर डॉन लिबोरियोपासून सुरुवात करावी लागेल.

हा लिबोरियो तरुणपणी सरदाराच्या गव्हाची राखण करायचा. खांद्यावर बंदूक, पायात दुसऱ्याचे बूट. रात्री गहू चोरीला जायचा आणि सकाळी लिबोरियोच तो शोधून आणायचा. तुमचं खेचर हरवलं तर पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. लिबोरियोकडे गेलात की दोन दिवसांनी खेचर दारात हजर, आणि तुम्ही जन्माचे मिंधे. कुंपणच शेत खात होतं, पण खाताना तोंड पुसायचं, म्हणून लोक त्याला सभ्य म्हणत. सरदार कंटाळून पालेर्मो शहरात राहायला गेला, जमीन लिबोरियोच्या हातात आली. जमिनीमागून पाणी आलं, पाण्यामागून सिमेंटचे ट्रक. त्याच्याभोवती माणसं जमली. ती स्वतःला टोळी म्हणवत नसत, 'मित्र' म्हणवत. "अमका आपला मित्र आहे," एवढं म्हटलं की समोरचा वाट सोडायचा. लिबोरियोनं कधी आवाज चढवला नाही. रस्त्यात दिसला की म्हातारेसुद्धा टोपी काढून म्हणत, "डॉन लिबोरियो, आशीर्वाद असू द्या." आणि मेला तो आशीर्वाद द्यायचासुद्धा!

व्हेनेराचा मुलगा गास्पारे. एकुलता एक, हसरा, जिभेला हाड नसलेला. न्हाव्याच्या दुकानात अर्धं गाव बसलेलं असताना हा म्हणाला, "पाणी डोंगर देतो, मग पाणीपट्टी लिबोरियोला कशाला? डोंगर काय त्याचा सासरा लागतो?" दुकानात कुणी हसलं नाही. न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून वस्तरा धुवायला घेतला.

त्याच आठवड्यात गास्पारे ऑलिव्हची छाटणी करायला रानात गेला. संध्याकाळी खेचर एकटंच परत आलं. पाठीवर फांद्यांचा भारा नीट बांधलेला, लगाम खोगिराला गाठ मारून अडकवलेला. गास्पारे लगाम कधी बांधायचा नाही, नुसता मानेवर टाकून द्यायचा. व्हेनेरा त्या गाठीकडे बघत राहिली. ती गाठ तिनं सोडली नाही, लगाम कापून काढला आणि गाठीसकट खुंटीला टांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉन लिबोरियो स्वतः तिच्या अंगणात आला. खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"व्हेनेरा, पोरगा जर्मनीला गेला गं. मला सांगून गेला. तुला सांगायची त्याला छाती झाली नाही."

"खेचर रानात सोडून गेला, डॉन लिबोरियो?"

"तरुण रक्त आहे. तू मन घट्ट कर. आणि हे बघ, काळं घालू नकोस. जिवंत माणसासाठी काळं घालणं अपशकुन. लोक भलतंच बोलतील आणि मग मला त्यांची समजूत घालावी लागेल."

समजूत घालणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. आमच्या गावात हरवलेल्या माणसासाठी काळं घालणं म्हणजे त्याला कुणी मारलं ते भर चौकात सांगणं. म्हणून तो नियम. साऱ्या गावाला काळं रंगवून देणारी व्हेनेरा स्वतः निळ्या झग्यातच राहिली. गास्पारेनं जाताना तिला त्याच झग्यात पाहिलं होतं.

भीती होतीच. पण नुसती भीती असती तर मी ही गोष्ट सांगितली नसती. पुढच्या उन्हाळ्यात लिबोरियोच्या 'मित्रां'पैकी एकजण जर्मनीहून सुट्टीवर आला आणि टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "मावशी, गास्पारेला बघितलं. मोटारींच्या कारखान्यात आहे. मिशा ठेवल्यात." त्यानंतर दर उन्हाळ्याला कुणीतरी यायचं. गास्पारे जाड झाला. गास्पारेला पाठीचं दुखणं लागलं. गास्पारेनं तिकडची सोनेरी केसांची मुलगी केली. गास्पारेला मुलगी झाली. ही सगळी लिबोरियोची पेरणी होती. मेलेल्या पोराला तो तिच्यासमोर वर्षावर्षानं मोठा करत होता. मेलेल्या माणसाचं भूत निदान त्याच वयाचं राहतं. याचं भूत म्हातारं होत होतं.

तिला खरं वाटायचं का? मी एकदा विचारलं. कढईखाली लाकूड सारत ती म्हणाली, "फिलिप्पा, रात्री मला ठाऊक असतं. सकाळी नसतं. आणि काळं घालायचं म्हणजे मीच त्याला मारायचं ना गं? त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. पण झगा कढईत टाकायचा तो माझ्या हातानं."

नात झाली म्हटल्यावर तिनं पिवळ्या कापडाचा छोटा झगा शिवला, कॉलरवर लाल धाग्याची पाखरं काढली. लिबोरियोचा ड्रायव्हर उत्तरेकडे निघाला होता, त्याच्याकडे दिला. पुढच्या वर्षी तो सांगत आला, "पोरीला फार आवडला, मावशी. पण सून म्हणत होती जरा घट्ट झाला." मग व्हेनेरानं त्याहून मोठा शिवला. नंतर त्याहून मोठा. ते झगे कुठे जात होते? एकदा जत्रेत ड्रायव्हरच्या भाचीच्या कॉलरवर मला लाल पाखरं दिसली. तिथंच त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण मीही मूग गिळून पाव विकत राहिले, कारण पिठाची गाडी लिबोरियोची होती.

मग लिबोरियो मेला. बिछान्यात, साखरेच्या आजारानं, पाद्री उशाशी असताना. असल्या माणसांना बिछान्यातलं मरण मिळावं, ही देवाची कसली रीत आहे मला कळत नाही. धंदा आधीच पुतण्याकडे गेला होता, मित्र सगळे जागच्या जागी होते.

सकाळीच त्याची बायको डोना जेसुआल्दा गाठोडं घेऊन आली. मोलकरणीला पाठवलं नाही, स्वतः आली, केस मोकळे, पायांत घरातल्या सपाता. मी अंगणात लाकूड उतरवत होते. जेसुआल्दा उंबऱ्याबाहेर थांबली. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द ती म्हणू लागली. शुद्धीवर नसल्यासारखं, एका सुरात.

"व्हेनेराच्या बापा मिकेले, व्हेनेराच्या नवऱ्या तुरी, व्हेनेराच्या पोरा गास्पारे, माझा लिबोरियो येतोय, त्याला आत घ्या."

माझ्या हातातलं लाकूड पायावर पडलं. जेसुआल्दाला पहिल्यांदा कळलंच नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती. मग तिचं तिलाच ऐकू गेलं आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. गाठोडं खाली सुटलं.

व्हेनेरा कढईशी उभी होती, निळ्या झग्यात. तिनं काठी बाजूला ठेवली.

"माझ्या बापाचं दार उघडं आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं उघडं आहे. गास्पारेचं मला कसं ठाऊक असणार, बाई? तो तर जर्मनीला आहे ना?"

जेसुआल्दा उंबऱ्यावर खालीच बसली. "तेच नाव घेत होता गं. तीन दिवस. 'दारात गास्पारे उभा आहे, त्याला बाजूला व्हायला सांगा, मला जाऊ देत नाही.' मी पाद्र्याला म्हटलं, तापात बडबडतोय."

"कुठे आहे तो?"

"आईशप्पथ, मला जागा नाही माहीत. बायकांना जागा सांगत नाहीत."

 व्हेनेरानं गाठोडं उचललं, सोडलं, आणि जेसुआल्दाचे कपडे एकेक करून पाण्यात सोडले. नंतर आत गेली. बाहेर आली ती अंगावर एक जुनं पटकूर गुंडाळून. निळा झगा तिच्या हातात होता. तो तिनं त्याच पाण्यात टाकला.

"व्हेनेरा, दोन घरं एका पाण्यात?" मी म्हटलं. मला दुसरं काही सुचेना.

"एकच मरण आहे," ती म्हणाली.

जेसुआल्दानं ते ऐकलं. ती नको म्हणाली नाही. काठीनं निळा झगा खाली दाबताना व्हेनेराच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो इतकी वर्षं तिच्यात कुठे मावला होता कोण जाणे. मी तिला धरून ठेवलं. जेसुआल्दा उंबऱ्यावर बसून रडत होती, आणि कोण कुणासाठी रडतंय हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

शांत झाल्यावर व्हेनेरा परत आत गेली. या वेळी पेटीतून त्या वर्षीचा पिवळा झगा घेऊन आली. ड्रायव्हरकडे द्यायचा राहिलेला. लाल पाखरांसकट तो कढईत गेला.

"अगं, हा कशाला?"

"तिचाही बाप गेला ना, फिलिप्पा."

माझ्या ओठांवर आलं होतं, अशी कुणी पोर नाही. जेसुआल्दानं माझ्याकडे बघितलं आणि मी कढईखाली लाकूड सारलं.

अंत्यविधीला व्हेनेरा काळ्यात आली. सारं चर्च वळून बघू लागलं. पुतण्या पुढच्या बाकावरून उठला, तिच्याजवळ आला आणि हळूच, काकासारखंच आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, कोण वारलं?"

उत्तर जेसुआल्दानं दिलं. "तिचा गास्पारे. माझ्या पाण्यातच रंगवलंय तिनं. तुला काही म्हणायचंय?"

तो गेला. गुपचूप बाकावर जाऊन बसला. चुलतीच्या काळ्याला हात लावणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. दफनाच्या दिवशी तर नाहीच.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. जर्मनीहून आता कुणी निरोप आणत नाही. व्हेनेरा काळ्यात आहे, पोरासाठी घातलेलं आईचं काळं मरेपर्यंत उतरत नाही. गास्पारेच्या आत्म्यासाठी ती चर्चमध्ये मिस्सा म्हणवून घेते, रडते, जेवते, झोपते. तो लगाम तिनं खुंटीवरून काढून जाळला.

पण लेकीला बापाचं काळं तीनच वर्षं. ती तीन वर्षं तिनं दर हिवाळ्यात छोटा काळा झगा शिवून दोरीवर वाळवला, दर खेपेला थोडा मोठा. चौथ्या वर्षी बाजारातून पिवळं कापड आणलं. लिबोरियो मातीत गेला, पोरगा कुठल्या खड्ड्यात आहे ते कळलं नाही, पण ती पोर काही मरत नाही. ती वाढतेच आहे. तिच्यावर कुणाची गोळी चालायची?

आता मापं सांगायला कुणी येत नाही, हीच काय ती अडचण. काल भट्टीवर पाव घ्यायला आली. माझी नात पीठ चाळत होती. व्हेनेरा तिच्याकडे टक लावून बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"फिलिप्पा, आता केवढी झाली असेल गं ती?"

मी हातातलं पीठ झटकलं आणि माझ्या खांद्याला हात लावून दाखवला.

"एवढी," मी म्हटलं. "आणि गेल्या वर्षीचा तिला घट्ट होतोय."