निळ्या दारापाशी अडकणारा खेळ

माझी मावशी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एक्स्चेंजला टाळं लागलं तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका घरी बसल्या. हिने तळमजल्याच्या खोलीत एक लांबलचक टेबल टाकलं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची पाटी लावली. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. गल्ली तिला ‘ताई’ म्हणायची. मशीन उघडण्याआधी ती त्याला कान लावून बसायची, आणि पंख्याच्या आवाजावरून अर्धं दुखणं सांगायची.

जुन्या मशीनवर विंडोज धापा टाकायला लागलं की त्याच्या जागी ती लिनक्स नावाची हलकी, फुकट प्रणाली घालून द्यायची. विंडोजसाठी बनवलेले खेळ लिनक्सवर सरळ चालत नाहीत. मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवावा लागतो. तो खेळाचं बोलणं लिनक्सला कळेल असं करून सांगतो. दुभाष्या अडखळला की खेळ अडखळतो. ते अडखळणं काढण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतः मात्र तिने आयुष्यात एकही खेळ खेळला नव्हता.

एका दुपारी एक निवृत्त बस ड्रायव्हर चादरीत गुंडाळलेलं मशीन घेऊन आले. वय सत्तरीकडे झुकलेलं, पाठ अजून ताठ.

“मुलीचं आहे,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

मावशीने स्टूल पुढे सरकवलं. “बसा, दादा. काय होतंय?”

“भाच्याने मागच्या महिन्यात लिनक्स घातलं. बाकी सगळं झकास आहे. पण तिचा खेळ होता एक. ओसाड बेट मिळतं, त्यावर आपण घर बांधायचं. आजारपणात पडल्या पडल्या दीड वर्ष तेच बांधत होती. मला खेळता येत नाही. मी आपला रोज तिच्या घरात एक फेरी मारून यायचो. आता दोन पावलं टाकली की गचके. घाटात क्लच अडकल्यासारखं.”

मावशीने मशीन ठेवून घेतलं. पडद्याच्या कोपऱ्यात तिने एक आकडा लावला: सेकंदाला किती चित्रं उमटतात ते सांगणारा. चौदा. निदान साठ तरी हवीत. खेळ अजून विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर पडून होता, तो तिने लिनक्सच्या डिस्कवर हलवला. प्रोसेसर वीज वाचवायच्या मोडवर डुलक्या काढत होता, त्याला जागं केलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला, दुभाष्याही नवा. तरी नवीन काही समोर आलं की गचका बसायचाच, कारण प्रत्येक वस्तू रंगवायची कृती मशीन पहिल्यांदा तयार करतं आणि मग साठवून ठेवतं. म्हणून मावशी चार दिवस त्या बेटावर स्वतः फिरली. प्रत्येक झाडापाशी, प्रत्येक खिडकीपाशी जाऊन आली, म्हणजे सगळ्या कृती साठवल्या जाव्यात.

चौथ्या दिवशी आकडा साठवर स्थिरावला. फक्त एका जागी नाही. घरामागे एक निळं दार होतं. त्याच्या उंबऱ्यावर पाय पडला की आकडा तीनवर यायचा, चित्र गोठायचं आणि पावलाचा आवाज अडकायचा. ठक्, ठक्, ठक्. आत कुणीतरी येरझाऱ्या घालतंय असा.

मी शनिवारी गेले तेव्हा दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि मावशी पडद्यासमोर पाठ भिंतीला लावून बसली होती.

“अशी का बसलीस?”

“काही नाही गं. मागे कुणी नसलेलं बरं वाटतं.”

दोन दिवसांनी तिने ड्रायव्हरदादांना फोन लावला. “दादा, निळ्या दाराआड काय आहे?”

“माहीत नाही. तिथे पहिल्यापासून अडकायचं. विंडोज होतं तेव्हाही.” मग ते म्हणाले, “मी समजायचो, आत ती आहे. येऊ नका म्हणतेय.”

“उघडू का?”

“थांबा. मी येतो.”

मावशीने त्यांच्यासमोर दार उघडलं. चाळीस सेकंद पडदा काळा होता. मग तुकड्यातुकड्याने चित्र उमटलं. बिनखिडकीची खोली आणि तिच्यात जमिनीपासून छतापर्यंत कंदील. चारशे अकरा. प्रत्येकाचा उजेड वेगळा, प्रत्येकाची सावली वेगळी, आणि बिचारं मशीन प्रत्येक सावलीचा हिशेब करत बसलं होतं. गचक्याचं कारण एवढंच होतं.

प्रत्येक कंदिलाला चिठ्ठी होती. दादांनी चष्मा लावला. “सव्वादोन. तीन दहा. पावणेचार. या वेळा कसल्या?”

मावशीला कळलं होतं. तिने पुढची चिठ्ठी समोर आणली. आणखी पाचसहा वाचल्यावर दादांनाही कळलं.

“मी तिच्या शेजारीच असायचो, ताई. खुर्चीत. सकाळी विचारायचो, झोप लागली का गं? हो म्हणायची. रोज हो म्हणायची. आणि रात्री जागी राहून हे कंदील लावायची.”

एका चिठ्ठीवर वेळेपुढे चार शब्द जास्त होते: ‘बाबा घोरताहेत. बरं वाटतंय.’ ते वाचून दादांना हसू फुटलं, आणि मग त्यांनी तोंड शर्टाच्या बाहीत खुपसलं.

मावशी म्हणाली, “सावल्या बंद केल्या तर खेळ सुरळीत चालेल. कंदील राहतील.” तिने करून दाखवलं. खोली एकदम दुकानासारखी लख्ख झाली.

“नको,” दादा म्हणाले. “अंधार होता तिथे. तो राहू दे.”

मग तिने सावल्या ठेवल्या, फक्त त्यांच्या कडा जाडसर केल्या, म्हणजे मशीनला हिशेब कमी. त्या खोलीत बाविसाच्या वर आकडा गेला नाही, पण तो सारखा राहिला, गचके गेले. दादा मशीन घेऊन गेले.

काम सुरू करण्याआधी मावशी नेहमी डिस्कची प्रत काढून ठेवायची आणि गिऱ्हाईक खूश झालं की पुसून टाकायची. ही प्रत तिने पुसली नाही. तो खेळ तिने स्वतःच्या नव्या मशीनवर चढवला. दुपारी दुकान रिकामं असलं की ती त्या खोलीत जाऊन उभी राहायची. मी एकदोनदा पकडलं.

“मावशी, दुसऱ्याच्या घरात काय करतेस?”

“रोज एकच वाचते,” ती अपराध्यासारखी म्हणाली. “आता मलाही पावणेचारला जाग येते बघ. कान लावून पडते. वाटतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी जागं आहे.” शेजारच्या खोलीत तिची रिकामी कपाटं होती.

“पुसून टाक ना.”

“हात होत नाही.”

तीन महिन्यांनी दादा पुन्हा आले, खेळाचा आवाज गेला म्हणून. मी तेव्हा दुकानातच होते. मावशीने आवाज दुरुस्त केला, मशीन चादरीत बांधून दिलं, आणि ते दारापर्यंत पोचल्यावर म्हणाली, “दादा, एक चूक झालीय माझ्याकडून.” सगळं सांगून टाकलं. दादांनी मशीन उंबऱ्यावर टेकवलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार.

“तुमच्याकडे किती येतात?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“चित्रं. सेकंदाला.”

“साठ.”

“त्या खोलीतसुद्धा?”

“त्या खोलीतसुद्धा.”

ते परत येऊन स्टुलावर बसले. मावशीच्या मशीनवर मुलीच्या घराला वळसा घालून निळ्या दाराशी गेले आणि एकदाही न थांबता आत गेले. बाहेर आले, परत आत गेले.

“इतकं सरळ जाता येतं होय,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “माझ्याकडे अजून जरा रेंगाळतं. माझं आहे तसंच असू दे.” मग उठताना म्हणाले, “ही प्रत पुसू नका, ताई. पण एकट्याने वाचू नका. मीही एकट्याने वाचून बघितलं. घर खायला उठतं.”

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी मावशी त्यांच्याकडे जाते. त्या संथ मशीनवर दोघं ओळीने चिठ्ठ्या वाचतात, दहाच्या वर नाही. तिथली हवा अजून जड असते, असं ती सांगते. एखाद्या कंदिलापाशी दोघंही अचानक मागे वळून बघतात आणि मग पुढची चिठ्ठी वाचतात.

परवा एकशे तेहतिसावा कंदील आला. त्यावर वेळ नव्हती. ‘काल झोपले’ एवढंच लिहिलं होतं. दादांनी ते मोठ्याने तीनदा वाचलं, चहा ठेवला, आणि मग पुढचा कंदील उघडला.