चोवीस ओळींची पंगत

मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाची पंचाईत अशी, की ऐकलेलं सगळं आत साठत जातं. बोलणारे बोलून मोकळे होतात आणि विसरतातही. आमच्यासारख्यांकडे मात्र ते तसंच शिल्लक राहतं. मग एखाद्या दुपारी शेजारणी शेंगा फोडायला बसतात आणि कुणीतरी म्हणतं, "वहिनी, तुमच्या हापिसातलं सांगा की वो!" शेंगा राहतात बाजूला.

ऑफिस बेळगावात, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. ऐंशीनंतरची वर्षं, कॉम्प्युटर बघायला लोक जिना चढून यायचे आणि "एवढंच व्हय?" म्हणून उतरायचे. मी माहेरची उचगावची, नुकतंच लग्न होऊन बेळगुंदीला आलेली. ऑफिसात माणसं तीन. साहेब पुण्यात शिकून आलेले. आप्पा तंबाखूच्या वखारीत जन्मभर कारकुनी करून आता आमच्याकडे ऑपरेटर झालेले. आणि मी, ट्रायलवर.

काम निपाणीच्या एका तंबाखूच्या शेटचं. शेतकऱ्यांच्या हजारो नोंदी टर्मिनलवर पानं उलटल्यासारख्या वाचता आल्या पाहिजेत. आता टर्मिनलच्या पडद्यावर मावतात चोवीस ओळी. म्हणजे चोवीस पानांची पंगतच म्हणा ना, एक ओळ म्हणजे जेवणाचं एक पान! एखादं नाव एका पानावर गुमान बसतं. एखादं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, पोस्ट, तालुका धरून इतकं लांब, की दोन-तीन पानं अडवून बसतं. कुठल्या पानापासून कुठलं घर सुरू झालं, हे वाढप्याच्या ध्यानात पाहिजे. आमचा प्रोग्राम पुढे जाताना शहाण्यासारखा वागायचा. मागे यायला लागला की घरं विसरायचा. एकाचं नाव अर्धंच यायचं, दुसऱ्याच्या गावाला नावच नसायचं!

ते दुरुस्त करणं माझं काम. "शेट खूश झाले तर तुम्ही कायम," साहेबांनी सांगितलं होतं. "नाहीतर दसऱ्यानंतर येऊ नका." घरच्यांनीही नोकरीला दसऱ्यापर्यंतचीच मुदत दिली होती. दोन्हीकडचे लोक न भेटता एकाच तारखेवर कसे आले, देव जाणे.

*

सासूबाईंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "हापिसात करतीस काय गं तू?"

मला सोपं करून सांगायचं होतं. "ओळी मोजते."

"किती हायत?"

"चोवीस."

"आणि उद्या?"

"उद्यापण चोवीसच."

थापणारा हात थांबला. "आगं बया! मग एकडाव भिंतीवर लिवून ठिव की. रोज बशीत लोंबकळत कशाला जातीस?"

*

आप्पांची वाचायची पद्धत वखारीतली. ओळीवर बोट ठेवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. पडद्यावरही ते बोट ठेवायचे. मधेच मी बटण दाबलं की ओळी वर सरकायच्या, आप्पांचं बोट जिथल्या तिथं. आणि आप्पा बोटाखाली जे आलं असेल ते त्याच सुरात पुढे वाचायचे! त्यामुळे निंगाप्पाचं नाव, बाबूरावाचं गाव, असे नवेच शेतकरी रोज जन्माला यायचे.

शेवटी मी माझ्या कपाळाची टिकली काढून काचेवर लावून दिली. "आप्पा, बोट काढा. ही खूण बघा."

आप्पा खूश. मी बटण दाबलं. ओळी सरकल्या.

"टिकली सरकंना की गं!"

"आप्पा, ती काचेवर आहे. ओळ आतली आहे."

"मग आत लाव की!"

मी हसले खरी. पण घरी जाताना बसमध्ये वाटलं, ओळीची खूण आत ठेवायची, म्हणजे म्हातारा माझ्याकडून नेमकं तेच काम करून मागतोय, ज्याचा मला ट्रायलवर पगार मिळतोय!

इकडे दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आई ऑफिस बघायला आल्या. टिकली लावलेला टर्मिनल बघून त्यांनी चष्मा पुसला, हात जोडले आणि साहेबांना दरडावलं, "अरे, सवाष्णीला असं उघड्यावर बसवतात का? काहीतरी पांघरूण घाल!" तेव्हापासून आमच्या टर्मिनलला इरकली कापडाची खोळ आहे. काठपदरासकट.

*

साहेबांनी तपासणी ठेवली. मी पडद्यावरची एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, आप्पांनी कागदावर टिक करायची. शेवटी आप्पा म्हणाले, "एक वळ कमी भरली."

पुन्हा वाचलं. पुन्हा एक कमी. खालून वर वाचलं, तरी एक कमी. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. चहा आला, थंड झाला. साहेब प्रोग्रामच्या कागदांची चळत जमिनीवर पसरून त्यावर गुडघे टेकून बसले. "ओळ जाते कुठे? पडद्यावरून पडली काय खाली?"

मी खाली मान घालून उभी. सांगावं कसं, तेच कळेना.

आप्पा कागदाकडे बघत म्हणाले, "साहेब, दरवेळी एकच वळ ऱ्हातीया. महादेव शिवाजी." मग माझ्याकडे वळले. "पोरी, तुझ्या मालकाचं नाव काय गं?"

मी गप्प.

"मग मशीन बरूबर हाय, साहेब. हिच्यात बिघाड हाय!"

साहेब कागदांच्या ढिगावर तसेच बसून राहिले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही अडचण पुण्याच्या अभ्यासक्रमात नव्हती. "अहो, पण आता तपासणी कशी करायची?"

"उखाण्यात घिऊ दे की," आप्पा म्हणाले.

घेतला. काय करणार!

"चोवीस ओळी पडद्यावर, कर्सर करतो लुकलुक,
महादेवरावांचं नाव घेते, सापडली का साहेब चूक?"

खालचा भांडीवाला जिन्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

*

निपाणीला दाखवायला जायचा दिवस उजाडला. भाड्याची गाडी केली. मशीन डिकीत, आणि टर्मिनलला धक्का लागू नये म्हणून तो वाकळेत गुंडाळून माझ्या मांडीवर. माझे पाय बधिर झालेले. वाटेत साहेब तीनदा मागे वळून म्हणाले, "आज फक्त पुढे जायचं. वरच्या बाणाला हात लावायचा नाही!"

मी आदल्या दुपारी मागे यायचा सगळा भाग नव्यानं लिहिला होता. कुठली ओळ पडद्यावर कुठून सुरू होते, याचा तक्ताच प्रोग्रामच्या आत ठेवला होता. छोट्या फाईलवर चालला होता. शेटच्या मोठ्या फाईलवर चालेल का, ते मलाही माहीत नव्हतं.

"साहेब, मागे यायचं मी..."

"नाही म्हणजे नाही!"

मी गप्प बसले. त्यात मी तरबेज आहे.

संकेश्वरला चहाला थांबलो. एक आजीबाई गाडीच्या खिडकीपाशी आल्या, वाकळेकडे मायेनं बघितलं. "पोरगा का पोरगी?"

पुढच्या सीटवरून आप्पा म्हणाले, "टर्मिनल."

आजींनी वाकळेचा आकार डोळ्यांनी मापला, मग माझ्याकडे बघितलं. "बाळ लई थोरलं हाय गं. सोसलं कसं तुला?"

*

शेटची बैठक वखारीच्या माडीवर. खाली तंबाखूच्या राशी, आणि फळ्यांच्या फटींतून तिची धूळ वर. शेटना आणि त्यांच्या दिवाणजींना काहीच होत नव्हतं. साहेबांचं नाक मात्र जिन्यातच लाल झालं होतं.

"नमस्कार शेटजी," साहेबांनी ओळख करून दिली. "हे आमचे आप्पा. आणि ही ट्रायलवर आहे. राहील न राहील."

मी मशीन सुरू केलं. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. शेट चष्मा कपाळावर चढवून बघत होते. सगळं छान चाललं होतं. आणि साहेबांनी रुमाल शोधायला खिशात हात घातला.

"आऽऽऽक्छी!"

शेटनी हात वर केला. "थांबा! शिंक झाली. मागं घ्या, पयल्यापासनं."

"शेटजी, ही तंबाखूची धूळ..."

"माझ्या लग्नात भटजी शिंकला, तर आमी अंतरपाट परत धरलाता. मागं घ्या!"

साहेब माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच शिंकले. मी वरच्या बाणावर बोट ठेवलं. दाबलं.

एक ओळ आली. दुसरी आली. मग ते दोन ओळी अडवणारं लांबलचक नाव आलं. बापासकट, गावासकट, तालुक्यासकट, अख्खं! एकेक करत पहिलं पान जसंच्या तसं उभं राहिलं.

साहेबांचं तोंड उघडं पडलं. उघड्या तोंडातून धूळ आत गेली.

"आऽऽऽक्छी!"

"परत मागं!"

त्या दुपारी आम्ही पुढे कमी आणि मागेच जास्त गेलो. आप्पांनी साहेबांचं नाक धरून बघितलं, तर त्यांना कानातून शिंक यायची वेळ आली. दिवाणजी तर काम सोडून गंमत बघायला बसले. शेवटी शेट मांडीवर थाप मारून म्हणाले, "कितीबी मागं न्या, जागंवर येतंय की रं हे! घेतलं!"

त्यांनी कोटातून पेन काढलं, टोपण उघडलं, कराराच्या कागदावर टेकवलं.

"आऽऽऽक्छी!"

शेटनी टोपण लावलं, पेन परत खिशात ठेवलं. "आता समदंच पयल्यापासनं. आपण सुरू कुठनं केलतं?"

दिवाणजी म्हणाले, "नमस्कारापासनं."

मग आम्ही तिघं जिना उतरलो, जाऊन गाडीत बसलो. आप्पांनी दारंसुद्धा लावून घेतली. पुन्हा उतरलो, पुन्हा वर आलो. शेट गादीवरून उठून सामोरे आले. "या, या! लई वाट बघायला लावलीसा. कोणकोण आलाय?"

साहेबांनी दोन बोटांनी नाक घट्ट दाबून धरलं होतं.

"नमस्कार शेटजी. हे आमचे आप्पा. आणि ह्या... ह्या आमच्या कायमच्या प्रोग्रामर."